दुरुस्तीची चौकट

वर्तमानपत्राच्या कचेरीत बातमी लिहायला सगळे पुढे असतात. दुरुस्ती लिहायला कोणी नसतं. इंदूरच्या एका हिंदी दैनिकात वाचकांच्या पत्रांचं टेबल बरीच वर्षं माझ्याकडे होतं, म्हणून ‘भूल सुधार’ लिहिण्याचं कामही माझ्याकडेच येई. चार ओळींचा मजकूर, पानाच्या तळाशी चौकट, खाली कुणाचंच नाव नाही. मला विचाराल तर पत्रकारितेतलं सर्वांत अवघड लेखन तेच.

का, ते एका प्रकरणावरून सांगतो. जुन्या इंदुरात शनिमंदिराच्या बाजूला राहणाऱ्या एका दुकानदाराला चोरीच्या मालाच्या तपासात पोलिसांनी चौकशीला बोलावलं. दुसऱ्या दिवशी शहराच्या पानावर त्यांचा उल्लेख ‘आरोपी’ असा आला. गृहस्थ मराठीच. कात्रण घडी करून घेऊन आले आणि आवाज न चढवता म्हणाले, “साहेब, तुमची माफी घेऊन मी काय करू? गल्लीत लोक विचारतात, ते थांबेल असं काहीतरी छापा.”

अशा वेळी ठरलेला मजकूर तयार असतो : नजरचुकीने चुकीचा उल्लेख झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. त्यात तारीख नाही, पान नाही, काय चुकलं ते नाही आणि खरं काय तेही नाही. वाचणारा म्हणतो, काहीतरी असल्याशिवाय का छापलं असेल? म्हणजे बदनामी जिथल्या तिथे राहते आणि वर दिलगिरीचा शिक्का बसतो. आम्ही जो मजकूर दिला त्याचा आशय असा होता : मंगळवारच्या अंकात पान 3 वर अमुक यांना आरोपी म्हटलं होतं, ते चूक आहे, त्यांच्यावर गुन्हा दाखल झालेला नाही, पोलिसांनी त्यांना साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. चौकटही पान 3 वरच गेली. एवढ्यासाठी पोलिस ठाण्यात फोन करावा लागला, वार्ताहराची वही मागावी लागली आणि वृत्तसंपादकांशी वाद घालावा लागला. त्यांचं म्हणणं, वार्ताहराचं नाव खराब होईल. माझं म्हणणं, नाव खराब झालंय ते दुकानदाराचं.

चौकट छापली गेली, पण ती वृत्तसंपादकांनी मानलं म्हणून. नसतं मानलं तर? ज्यांच्या हाताखाली मी काम करत होतो, त्यांच्याच निर्णयाची तपासणी मी करायची होती. सज्जन माणसं असली तर हे जमतं. पण माणसं सज्जन असण्यावर अवलंबून असलेल्या व्यवस्थेला व्यवस्था म्हणता येत नाही.

आमच्या शहराला या बाबतीत मोठा वारसा आहे. 5 जून 1947 ला इथे ‘नई दुनिया’ हे हिंदी दैनिक सुरू झालं. त्याचे संपादक राहुल बारपुते मराठी घरातले. गायक कुमार गंधर्व, चित्रकार विष्णू चिंचाळकर, नाट्यकर्मी बाबा डिके यांच्या मैत्रीतले. पुढे संपादक म्हणून नावाजलेले राजेंद्र माथूर त्यांच्याच तालमीत तयार झाले. त्या दैनिकातलं ‘पत्र संपादक के नाम’ हे सदर इंदूरकर आधी वाचत आणि मग बातम्यांकडे वळत. संपादकाशी असहमत असलेलं पत्र संपादकाच्याच पानावर मानाने छापायचं, ही सवय त्या सदराने या शहराला लावली. माझ्या टेबलाला थोडीफार जी किंमत होती, ती त्या सवयीमुळेच. तरीही कुठलं पत्र घ्यायचं आणि कुठलं नाही हे शेवटी संपादकच ठरवणार. बारपुते असताना ते चाललं. प्रत्येक दैनिकाच्या नशिबी बारपुते नसतात.

मराठीतलं सर्वांत कडू उदाहरण ‘केसरी’चं आहे. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर केलेल्या आरोपांना ज्या पत्रांचा आधार होता, ती बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांनी माफी मागितली, तरी 1882 मध्ये दोघांनाही शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. हा इतिहास आपण दोघांच्या त्यागाचा म्हणून सांगतो आणि तो तसा आहेही. पण मी तो बर्व्यांच्या बाजूनेही वाचतो. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या : संपादकाची मर्जी किंवा न्यायालय. मधली वाट नव्हती. आजही सामान्य वाचकाला ती क्वचितच मिळते. अब्रुनुकसानीचा दावा लढवणं दुकानदाराच्या ऐपतीबाहेरचं असतं.

ती मधली वाट म्हणजे वाचकांचा स्वतंत्र प्रतिनिधी, लोकपाल म्हणा हवं तर. अमेरिकेत लुईव्हिलच्या दैनिकांनी 1967 मध्ये तो नेमला. ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये 1981 ला वार्ताहर जॅनेट कुकची पुलित्झर मिळालेली बातमी कपोलकल्पित निघाली, तेव्हा बिल ग्रीन या लोकपालाने स्वतःच्याच दैनिकाच्या संपादकांचं कुठे आणि कसं चुकलं, ते त्याच दैनिकात पानंच्या पानं भरून लिहिलं. लंडनच्या ‘गार्डियन’ने 1997 मध्ये इयन मेयस यांना नेमलं तेव्हा अट अशी, की त्यांच्या मजकुराला संपादकाने हात लावायचा नाही आणि त्यांना काढायचं तर ते फक्त मालक असलेल्या स्कॉट ट्रस्टने. सगळं मर्म या अटीत आहे. पगार कोण देतो यापेक्षा, काढू कोण शकतो हा प्रश्न मोठा.

आपल्याकडे ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने 1989 मध्ये माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांना नेमलं. ‘द हिंदू’ने 2006 मध्ये के. नारायणन यांना. पण असं पद मिटवायलाही वेळ लागत नाही. ‘पोस्ट’ने ते 2013 मध्ये बंद केलं, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने 2017 मध्ये; समाजमाध्यमांवरचे वाचकच आता पहारा देतील, असं कारण ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दिलं. मला ते पटत नाही. हजार माणसं ओरडली तरी वार्ताहराची वही मागण्याचा हक्क त्यांच्यातल्या एकालाही नसतो.

राहता राहिली वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी प्रेस कौन्सिल. 1966 मध्ये ती स्थापन झाली तेव्हा पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर होते, पुढे न्यायमूर्ती पी. बी. सावंतही झाले. आणीबाणीत ती मोडली, 1978 च्या कायद्याने पुन्हा उभी राहिली. ती ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. दंड करू शकत नाही. पैसे घेऊन बातम्या छापण्याच्या प्रकारांवर तिच्याच उपसमितीने नावांनिशी अहवाल लिहिला, तर 2010 मध्ये कौन्सिलने तो आधी मूळ रूपात प्रसिद्धच केला नाही. त्या कौन्सिलवर मालक आणि संपादकही बसतात, हे ध्यानात घेतलं की नवल वाटत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. इंदूर असो की पुणे, ज्या दैनिकाला स्वतःला जबाबदार म्हणवायचं आहे, त्याने एक माणूस ठरावीक मुदतीसाठी नेमावा. त्या मुदतीत संपादकाला किंवा मालकाला त्याला काढता येऊ नये. त्याची जागा पानावर ठरलेली असावी आणि तिथे काय छापायचं हे त्यानेच ठरवावं. मुदत संपल्यावर त्याच दैनिकात त्याला नोकरी मिळू नये, म्हणजे तिच्या आशेने लेखणी मऊ होणार नाही.

तोवर वाचकांनी लिहीत राहावं. चूक दिसली तर तारीख, पान आणि ओळ नमूद करून, सोबत पुरावा जोडून आधी संपादकांना पत्र पाठवा आणि त्याची प्रत जपून ठेवा. संपादकांकडून समाधान झालं नाही, तर दैनिकातल्या मजकुराबद्दल प्रेस कौन्सिलकडे दोन महिन्यांच्या आत तक्रार करता येते, आणि तिथे पहिली विचारणा हीच होते की संपादकांना लिहिलं होतं का.