कामोदक

आप्त गेला म्हणजे शोक कोणी करावा आणि किती दिवस करावा, हे आपल्या धर्मशास्त्राने पूर्वीच ठरवून ठेवले आहे. सपिंडांस दहा दिवसांचे आशौच. त्या दिवसांत देवदर्शन नाही, घरच्या देवांची पूजादेखील दुसऱ्याच्या हातून करवून घ्यावयाची. दुःखाला अशी मर्यादा आखलेली असली म्हणजे ते सोसावयास थोडे सोपे जाते. मित्राच्या वाट्याला मात्र ह्यांतले फारसे काही येत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायाचा आरंभ आशौचप्रकरणाने होतो. तेथे उदकदानाचे नियम सांगताना सखा, लग्न होऊन गेलेली मुलगी किंवा बहीण, भाचा, सासरा आणि ऋत्विज ह्यांना द्यावयाच्या पाण्यास 'कामोदक' म्हटले आहे. कामोदक म्हणजे आपल्या इच्छेने दिलेले पाणी. द्यावेसे वाटल्यास द्यावे. न दिल्यास दोष नाही.

गेल्या आषाढात आमचा बालमित्र गेला. त्याच्या घरी सुतक होते, आम्हांस नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे देवळात जाण्यास आम्हांस कोणी अडविले नसते. तथापि आमचे पाऊल तळीच्या पायऱ्यांपुढे गेले नाही. पंचाहत्तर वर्षांच्या सोबतीनंतर शास्त्राने आपल्याला इतके मोकळे सोडावे, हे मनास पटेना. म्हणून हे चार शब्द. वाचकांनी त्यांस आमचे कामोदक समजावे.

त्याचे नाव आम्ही येथे देत नाही. आपल्यामागे कोणी लेख लिहिलाच तर त्यात नाव नको, असे तो बजावून गेला आहे. हयातीत त्याला आम्ही सदैव अरे-तुरे केले. आता मृत्यूचा मान म्हणून आदरार्थी बहुवचन लावावे, तर तो जेथे असेल तेथे हसेल. तेव्हा 'तो' असेच लिहितो.

अंत्रुज महालातील एका देवस्थानच्या वाड्यावर आम्हां दोघांचे बाळपण गेले. पोर्तुगीज अमदानीतले ते दिवस. सरकारी शाळेत पोर्तुगीज शिकवीत; मराठी शिकावयाचे तर गावाने आपल्या खर्चाने मास्तर ठेवावा लागे. आमची मराठी शाळा देवळाच्या अग्रशाळेत भरत असे. तेथे एकाच चटईवर बसून आम्ही बाराखडी गिरविली, आणि संध्याकाळी त्याच अग्रशाळेत भजनाच्या टाळांस हात लावावयास शिकलो. गळा त्याला होता. आमच्या वाट्यास ठेका धरणे आले.

राजकारणाचे वेड त्याला कोठून लागले, हे आम्ही पाहिले आहे. १८ जून १९४६ रोजी मडगावात काय घडले, हे वडील माणसे दारे लावून सांगत आणि तो डोळे विस्फारून ऐके. आग्र्याच्या तुरुंगातून सुटून आलेले डॉ. राममनोहर लोहिया विश्रांतीसाठी असोळणे येथे डॉ. जुलियांव मिनेझिस ह्यांच्या घरी उतरले होते. दोघांची ओळख बर्लिनच्या विद्यार्थिदशेतली. विश्रांती राहिली बाजूला. भर पावसात मडगावच्या सभेत दोघेही बोलावयास उभे राहिले आणि दोघांनाही अटक झाली. पुढे आमचा मित्र तरुणांपुढे बोलू लागला, तेव्हा ही हकीकत तो नेमाने सांगे. सांगून झाल्यावर विचारी, ''मिनेझिसांकडे एक खोली रिकामी नसती तर?'' गोव्याच्या लढ्याला स्नेह्याच्या घरचे निमंत्रण कारण झाले, ही गोष्ट त्याला फार मोलाची वाटे. आम्ही म्हणत असू की लढा तसाही झालाच असता. तो म्हणे, ''झाला असता, पण त्या दिवशी न्हय.''

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढे पाच वर्षांतच आम्हां दोघांच्या वाटा फुटल्या. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश म्हणून वेगळे राहावे, ह्यावर जनमत कौल घेण्याचे ठरले. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. विलीनीकरणाची खूण फूल, संघप्रदेशाची खूण दोन पाने. आम्ही फुलाचे, तो दोन पानांचा. वाड्यावरची बहुतेक घरे आमच्या बाजूची होती. ज्या भाषेत आपण देवाला आळवितो त्या भाषेच्या राज्यात जावे, ह्यात वावगे ते काय, असे आम्हांस मनापासून वाटे. त्याला वाटे की ज्या भाषेत आई हाक मारते ती भाषा मोठ्या राज्यात गेल्यावर कोणी विचारणार नाही. हजार घरांच्या ओसरीवर तेव्हा हाच वाद चालला होता. भाऊ भावाशी अबोला धरून बसला, ठरलेली सोयरीक मोडली, असेही आम्ही पाहिले.

त्या दिवसांतली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कोकणीचा कैवार घेणाऱ्या ह्या पक्षाला आपले म्हणणे लिहून मांडावयाचे तर ते मराठीतच मांडावे लागे, कारण वाचणारा हिंदू समाज मराठी वाचणारा. मडगावचे 'राष्ट्रमत' दैनिक विलीनीकरणाविरुद्ध लढले ते मराठीत. आमच्या मित्रानेही गावासाठी एक पत्रक मराठीत लिहिले. संक्रांतीच्या दिवशी तो तिळगूळ घेऊन आमच्या घरी आला, आणि तिळगुळाच्या पुडीखालून ते पत्रक काढून आमच्यापुढे ठेवले. ''शुद्धलेखन पळय. मुद्दे पळोवचे न्हय.'' कौल दोन दिवसांवर आला होता. आम्ही ते पत्रक वाचले. त्यातल्या एकेका वाक्याने आमच्या अंगाचा तिळपापड होत होता. तरी ऱ्हस्व-दीर्घ नीट केले, दोन ठिकाणी विभक्ती सुधारली आणि कागद परत दिला. मग आम्ही आमचे पत्रक काढले. आकड्यांचे ज्ञान आमच्यापेक्षा त्याला अधिक. आमच्या बाजूने लिहिलेला एक आकडा फुगलेला आहे, हे त्याने दाखविले आणि पेन्सिलीने खरा आकडा लिहिला. त्या खऱ्या आकड्याने आमचा मुद्दा दुबळा झाला नाही, उलट टिकाऊ झाला. दोन्ही पत्रके त्याच संध्याकाळी छापखान्यात गेली.

१६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला. गोव्यात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. ३४,०२१ मतांनी आम्ही हरलो. निकालाच्या दिवशी विजयाची मिरवणूक आमच्या दारावरून जाणार होती. ती आली तेव्हा तो मिरवणुकीत नव्हता, आमच्या ओसरीवर बसला होता. कौलाविषयी एक शब्द बोलला नाही, चहा मागितला. दोन महिन्यांनी विधानसभेच्या निवडणुका झाल्या आणि तीसपैकी सोळा जागा जिंकून महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला. त्या दिवशी चहा आम्ही त्याच्या घरी जाऊन घेतला.

भाषेचा वाद मात्र आमच्यात अखेरपर्यंत चालला. आम्ही म्हणत असू, १५२६ साली गोव्याचा कृष्णदास शामा श्रीकृष्णचरित्रकथा रचावयास बसला, तो मराठीत. फादर थॉमस स्टीफन्ससारख्या इंग्लंडातून आलेल्या पाद्र्यालादेखील आपले पुराण १६१६ मध्ये मराठीतच रचून छापावे लागले, कारण गोव्याच्या लोकांना पुराणाची भाषा म्हणून तीच ठाऊक. तो सर्व शांतपणे ऐकून घेई आणि म्हणे, ''त्याच स्टीफन्साने व्याकरण कुणाचें बरयलें?'' स्टीफन्सने व्याकरण लिहिले ते कोकणीचे, आणि त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये ते राशोलला छापले गेले. एकच मनुष्य आम्हां दोघांचा साक्षीदार! शेवटी आमच्यात असा करार झाला की स्टीफन्सला वादात कोणी ओढावयाचे नाही. तो करार दोघांनीही वारंवार मोडला.

खरी परीक्षा १९८६ च्या राजभाषा आंदोलनात झाली. त्या वर्षीच्या डिसेंबरात तर गोव्यात रक्त सांडले. तोपर्यंत तो उघड कोकणीचा कार्यकर्ता झाला होता, सभा गाजवीत होता. गावातल्या काही तरुणांनी सुचविले की श्रावणातल्या भजनी सप्ताहात ह्याला पाळी देऊ नये. ज्याला मराठी राजभाषा नको, त्याने मराठी अभंग तरी कशाला म्हणावेत? पाळ्यांची वही आमच्या हाती होती. त्याची पाळी पहाटे दोन ते चार, गर्दी विरळ असते आणि गळ्याची कसोटी लागते अशा वेळेची. आम्ही इतकेच सांगितले की त्याच्या पाळीला ठेका आम्ही धरतो, तेव्हा एक नाव खोडावयाचे तर दोन खोडावी लागतील. नावे राहिली. पहाटे तो आला, समईला नमस्कार करून टाळ हाती घेतला आणि रोजच्यासारखा तुकोबांचा अभंग उचलला. कोकणीसाठी दिवसभर भांडणारा मनुष्य रात्री मराठीत देवाला आळवीत होता, आणि ह्यात त्याला काही विसंगत वाटत नव्हते. मराठी आपली नव्हे, असे त्याच्या तोंडून आम्ही कधी ऐकले नाही. तो म्हणे की घरात आई आहे म्हणून कोणी आजीला परकी म्हणत नाही. ह्या उपमेवरही आमचे भांडण झाले, कारण आजी कोण आणि आई कोण ह्यावर एकमत होईना. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक संमत झाले. देवनागरी कोकणी राजभाषा ठरली आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापरासही मुभा राहिली. ३० मे रोजी गोवा घटकराज्य झाला. दोन्ही बाजूंना थोडे मिळाले, थोडे राहिले. आम्ही दोघे पुढच्या श्रावणाच्या पाळ्या लावावयास बसलो.

त्याचे राजकारण भाषेपुरते नव्हते, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. १९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा आला. भाटकाराच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेल्या माणसाला आता कोणी हुसकावू शकत नव्हते, आणि घराखालची जागा विकत घेण्याचा मार्गही मोकळा झाला होता. कायदा झाला तरी अर्ज लिहावयाचा कोणी? मामलेदाराच्या कचेरीत चार-चार खेपा घालावयाच्या कोणी? त्याने वर्षानुवर्षे हे काम केले, आणि आरंभ स्वतःच्या घरच्या माडांच्या भाटापासून केला. त्याच्या चुलत्यांनी कित्येक महिने बोलणे टाकले. निवडणुकीत तो एकदाच उभा राहिला आणि पडला. ज्यांचे अर्ज लिहिले त्यांतल्या बहुतेकांनी दुसऱ्या पक्षास मते दिली, हे त्याला ठाऊक होते. सोमवारी तो पुन्हा कचेरीत गेला.

अशा मैत्रीचा विचार करताना टिळक-आगरकरांची आठवण होते. कॉलेजातले सोबती, १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहिलेले. पुढे मतभेद इतके वाढले की एकाचा 'केसरी' आणि दुसऱ्याचा 'सुधारक' एकमेकांवर तुटून पडू लागले. जून १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा 'केसरी'त मृत्युलेख लिहिण्याचा प्रसंग टिळकांवर आला. त्या थोरांशी आमच्यासारख्यांची तुलना होऊ शकत नाही. तथापि एवढे खरे की ज्याच्याशी जन्मभर वाद केला तो गेल्यावर वादातला आपला अर्धा भागही त्याच्याबरोबर जातो. आता कोणते नवे पुस्तक वाचून मराठीच्या बाजूचा एखादा चांगला पुरावा सापडला, तर तो दाखवावयाचा कोणाला? आमच्याच मताची माणसे माना डोलावतील. त्यांच्या होकाराने पुरावा तपासला जात नाही.

बाराव्या दिवशी त्याच्या अंगणात उभी असलेली माणसे आम्ही पाहत होतो. फुलवाले होते, दोन पानांवाले होते. ज्यांच्या भाटात त्याने मुंडकारांचे अर्ज लिहिले ते भाटकार होते, आणि ते मुंडकारही. शेजारच्या वाड्यावरचे ख्रिस्ती स्नेही हातात टोपी धरून माडाखाली बसले होते. श्रावणातल्या सप्ताहात पहाटे दोनची पाळी आली. टाळ धरावयास त्याचा नातू उभा राहिला. त्याला अभंग पाठ आहेत, अर्थ मात्र अधूनमधून कोकणीतून विचारतो. आम्ही सांगतो.

सुतक फिटल्यावर घरच्यांनी त्याच्या कागदपत्रांचे एक गाठोडे आमच्याकडे पाठविले. वर त्याच्या हाताने लिहिले होते: 'दुसऱ्या गाठोड्यासंगात दवरचें'. उघडून पाहतो तो १९६७ पासूनची त्याची सारी पत्रके, आणि आमचीही. ज्या आकड्यांवर पेन्सिलीच्या खुणा त्याच प्रती. आमच्या संग्रहातले गाठोडे आम्ही काढले. त्यात त्याची पत्रके होती, आमच्या हातची तांबडी शाई लावलेली. आता ही दोन्ही गाठोडी देवस्थानच्या वाचनालयात एकाच कपाटात ठेवली आहेत. ज्यांना मराठी-कोकणीचा वाद पुढे चालवावयाचा असेल, त्यांनी तो जरूर चालवावा; तो मिटला, असे आमचे म्हणणे नाही. फक्त आपले पत्रक छापावयास देण्यापूर्वी एकदा पलीकडच्या बाजूच्या स्नेह्यास दाखवावे, आणि त्याचे पत्रक आपल्याकडे आले तर ऱ्हस्व-दीर्घ नीट करून परत द्यावे. असा स्नेही ज्याला नसेल त्याने तो आधी शोधावा.

ह्याहून अधिक काही त्याने ठेवून दिले नाही. मंगेश त्याच्या आत्म्यास सद्गती देवो. देव बरें करूं.