विकत न मिळणारे दागिने

परवा शेजारच्या घरी नुकत्याच आलेल्या सुनेने माझ्या हातातील सुईदोरा पाहून सहज विचारले, "काकू, इतके सुंदर दागिने करता, मग ते विकत का नाही?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर मला चटकन देता आले नाही. ते शोधावे म्हणूनच हे चार शब्द लिहीत आहे.

आम्ही ग्वाल्हेरच्या लश्करात राहतो. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस छावणी टाकली आणि तिचेच पुढे हे शहर झाले. येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी आपल्या भाषेबरोबर आपले सणही जपले. संक्रांत जवळ आली की बाजारात गजकेचे ढीग लागतात, सकाळच्या धुक्यात समोरचे घर दिसेनासे होते, आणि आमच्या माजघरात हलव्यासाठी शेगडी पेटते.

हलवा करणे हे सबुरीचे काम आहे. तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातीत घालून मंद आचेवर ठेवायचा, त्यावर साखरेचा पाक चमच्याने थोडा थोडा सोडायचा आणि बोटांनी दाणे सारखे हलवीत राहायचे. पाक सुकला की पुन्हा थोडा पाक. असे दोन-तीन दिवस केले म्हणजे दाण्यावर पांढराशुभ्र काटा उमटतो. हवा थंड व कोरडी असेल तर तो छान फुलतो. दमट असेल तर सारी मेहनत चिकट होऊन बसते. मग ते दाणे दोऱ्यात गुंफून नव्या सुनेसाठी बिंदी, बाजूबंद आणि मंगळसूत्र करावयाचे, बोरन्हाणाच्या बाळासाठी मुकुट आणि बासरी. काळ्या वस्त्रावर ही शोभा एक संध्याकाळ खुलते, आणि नंतर मुले ती आनंदाने खाऊन टाकतात!

दागिन्यांबरोबर द्यावयाचे भेटपत्रही मी हातानेच रंगविते. येथील चितेरे लग्नघरांच्या भिंतींवर हत्ती, घोडे आणि वेलबुट्ट्या काढीत. त्या भिंती पाहत पाहतच माझी बोटे रेषा काढावयास शिकली. माझा हत्ती अजूनही थोडासा डुकरासारखा दिसतो, असे घरची मंडळी म्हणतात. असो.

काही वर्षांपूर्वी एका दुकानदाराने माझे दागिने पाहिले आणि पंधरा संचांची मागणी केली. मला मनातून अभिमान वाटला आणि मी होकार दिला. त्या पंधरवड्यात माझे घर जणू कारखाना झाले. पूर्वी हात चालत असताना मनात त्या सुनेचा चेहरा असे. आता तेथे दिवसांचा हिशेब होता. माझी सहा वर्षांची नात नेहमीप्रमाणे जवळ येऊन बसली आणि तिने एक दाणा उचलला. मी एकदम ओरडले, "हात लावू नकोस, ते विकायचे आहेत!"

ती काही न बोलता उठून गेली. रात्री माझ्या उशाशी एक पुठ्ठ्याचा तुकडा सापडला. त्यावर परातीखाली सांडलेले, मोडके दाणे खळीने चिकटवून तिने एक वाकडेतिकडे फूल केले होते आणि खाली लिहिले होते, "आजीला. हे विकायचे नाही." मी पंधरा संच वेळेवर पोहोचविले, पैसेही मिळाले, परंतु त्या रात्री मला झोप लागली नाही.

विकणे वाईट, असे मी मुळीच म्हणणार नाही. पुण्यामुंबईस कितीतरी भगिनी हलव्याचे दागिने करून संसारास हातभार लावतात. त्यांच्या कष्टांचे मोल पुरेपूर मिळालेच पाहिजे. पण ज्यास त्या पैशाची निकड नाही, त्याने आपल्या हातचे एखादे तरी काम बाजारापासून दूर ठेवावे, असे मला त्या रात्रीपासून वाटू लागले.

१८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांना नाताळात सर्वांना पत्रे लिहिण्यास सवड नव्हती. म्हणून त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढवून सुमारे एक हजार भेटपत्रे छापून घेतली. आपल्याला पुरून उरलेली एकेक शिलिंगास विकली. नाताळच्या छापील भेटपत्राचा जन्म असा वेळेच्या टंचाईतून झाला. हाताने रंगविलेले पत्र याच्या अगदी उलट आहे. त्यात रंग स्वस्त असतील, हत्ती डुकरासारखा असेल. पण त्यात एका माणसाने दुसऱ्यासाठी काढलेला वेळ असतो. एकदा विकावयास बसले की तोच वेळ आपण मोजू लागतो, आणि मोजता मोजता तो जवळच्या माणसास द्यावयाचा राहून जातो.

पुढच्या वर्षी मी मागणी घेतली नाही. नात आता माझ्याशेजारी बसून बिंदी गुंफते. तिच्या गाठी सैल पडतात, दाणे ओळ सोडतात. मी त्या उसवीत नाही.

आणि प्रश्न विचारणारी ती शेजारची सून? तिची यंदा पहिलीच संक्रांत. माझ्या सुईत तेव्हा जी बिंदी होती, ती तिच्याचसाठी होती. मी ते तिला सांगितले नाही. तिचे उत्तर त्या दिवशी तिच्या कपाळावर बांधीन.