'पण लक्षांत कोण घेतो?' आणि माझ्या निबंधातला एक चुकीचा शब्द

१/ आजच्या धाग्यात गड नाहीत, मोहिमा नाहीत. एक कादंबरी आहे. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?'. १८९० साली आपट्यांनी पुण्यात 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातूनच ही कादंबरी क्रमशः वाचकांपुढे आली. इतिहासाची आवड असणाऱ्या प्रत्येकाने ती का वाचावी, हे सांगताना मला माझी एक चूकही सांगावी लागेल.

२/ एम.ए.च्या पहिल्या वर्षी कुटुंबाच्या इतिहासावर निबंध लिहायचा होता. मी आमच्याच घराण्याची वंशावळ घेतली. तीत आजीच्या वडिलांची एक आत्या होती. चौदाव्या वर्षी वैधव्य आले आणि पुढचे सगळे आयुष्य भावाच्या घरी गेले. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले तेच मी उतरवून काढले: 'त्यांनी स्वेच्छेने केशवपन केले.' गुण चांगले मिळाले. या वाक्याला पुरावा काय, असे कोणी विचारले नाही. मीही स्वतःला विचारले नाही.

३/ आधी काळ समजून घेऊ. हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला १८५६ मध्येच कायद्याची मान्यता मिळाली होती. १८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने रखमाबाईंना, नवऱ्याकडे जा किंवा तुरुंगात जा, असे सांगितले. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी शारदा सदन सुरू केले. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन मर्यादा १० वरून १२ वर्षांवर गेली, आणि त्यावरून महाराष्ट्रात रणे माजली.

४/ या प्रत्येक घटनेची कागदपत्रे सापडतात. निकाल आहेत, अर्ज आहेत, सभांचे वृत्तान्त आहेत, अग्रलेख आहेत. परंतु १८५६ चा कायदा असतानाही हजारो मुली अंधाऱ्या माजघरात का राहिल्या, याचे उत्तर त्यांत क्वचितच मिळते. घरातल्या घरात जे घडते त्याची नोंद कोणत्या दप्तरात होणार? पुन्हा लग्न करू नकोस, अशी लेखी आज्ञा कोणी कोणाला दिलेली नसते.

५/ कादंबरी नेमकी तिथे शिरते. (पुढे कथानक उघड होईल; आधी वाचायची असल्यास इथेच थांबा.) यमुना, म्हणजे यमू, आपली कहाणी स्वतः सांगते: माहेर, लहानपणीचे लग्न, सासरचे एकत्र कुटुंब, मग नवऱ्यासोबत मुंबईत गेलेले थोडे सुखाचे दिवस, वाचन, मोकळे बोलणे. नवरा जातो आणि सारे संपते. शंकरमामंजी तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन घडवून आणतात. त्यानंतर ती फार काळ जगत नाही.

६/ एवढ्यावरून ही एका खलपुरुषाची गोष्ट वाटेल. वाचताना मात्र ध्यानात येते की शंकरमामंजींना फारसे काही करावेच लागत नाही. शेवटच्या प्रसंगाची तयारी पहिल्या प्रकरणापासून चालू असते. मुलीने किती बोलावे, कुठे बसावे, कोणाच्या रागाला किती भ्यावे, हे यमू खेळण्याच्या वयातच शिकते. तिची आई गेल्यावर वडील पुन्हा लग्न करतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. त्याच समाजात यमूच्या वाट्याला वस्तरा येतो. आपटे या दोन घटना शेजारी ठेवून भाषण देत नाहीत, आपणच थबकतो.

७/ इथे एक व्यवहार समजून घ्यायला हवा. सनातनी ब्राह्मण घरांत सकेशा विधवेच्या हातचे पाणी देवकार्याला, श्राद्धपक्षाला चालत नसे. म्हणजे केस राखले तर स्वयंपाकघरातली जागा गेली. आणि परावलंबी बाईला घरात दुसरी जागा कोणती होती? केस उतरवले की ती 'सोवळी' होई, कामाची होई, दोन वेळचे जेवण मिळे. अशा सौद्यातल्या होकाराला आपण 'इच्छा' म्हणायचे का?

८/ कादंबरी मिटल्यावर मी आजीला फोन केला. आत्याबाईंनी खरेच स्वतःहून केस काढले होते का, असे विचारले. आजी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही म्हणायची सोय होती का रे तिला?" आणि पुढे मी कधीच न ऐकलेले सांगितले. लाल आलवणातल्या त्या आत्याबाई रोज संध्याकाळी घरातल्या सगळ्या मुलींना ओळीने बसवून त्यांच्या वेण्या घालत. हे काम दुसऱ्या कोणाला करू देत नसत. "हात फार हलका होता तिचा," आजी म्हणाली.

९/ ही आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे मला ठाऊक आहे. त्या वेण्या घालताना आत्याबाईंच्या मनात काय होते, ते मी सांगू शकत नाही आणि सांगूही नये. पण 'स्वेच्छेने' हा शब्द लिहिण्याचा अधिकार मला नव्हता, एवढे निश्चित. तो शब्द कुटुंबाने स्वतःच्या सोयीसाठी जपला होता. मी त्यावर अभ्यासाचा शिक्का मारला.

१०/ कादंबरीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. स्त्रीचा आवाज इथे पुरुषाने लिहिला आहे. जग आहे ते ब्राह्मण मध्यमवर्गाचे; शेतात राबणारी, दलित स्त्री यात नाही. म्हणून तिच्या जोडीला ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री पुरुष तुलना' (१८८२) वाचा. आणि हेही लक्षात ठेवा की १८९० मध्येच मुंबईत न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांना जे दिसले, ते वस्तरा मागवणाऱ्यांना दिसू नये?

११/ कायदा कधी झाला, हे अभिलेखागार सांगते. कायदा होऊनही घर का बदलले नाही, हे ही कादंबरी सांगते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन्ही हवे.

१२/ निबंध मी पुन्हा लिहिला आहे. आत्याबाईंच्या नोंदीत आता एवढेच आहे: 'केशवपन झाले. त्यांचे म्हणणे कोणी नोंदवलेले नाही.' तुमच्याही घरच्या वंशावळीत अशी एखादी ओळ असेल. घरातले वडीलधारे आहेत तोवर विचारून घ्या.