मिरच्यांच्या माळांचं गाव

मुलांनो, युरोपचा नकाशा उघडा. फ्रान्स आणि स्पेनच्या मध्ये पिरेनीज पर्वताची रांग दिसेल. ही रांग पश्चिमेला समुद्राजवळ येते, तिथे दोन्ही देशांत मिळून बास्क लोकांचा मुलूख आहे. यांची भाषा मोठी अजब! आज बोलल्या जाणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही भाषेशी तिचं नातं सापडलेलं नाही. याच मुलखात, फ्रान्सच्या बाजूला, एस्पलेत हे दोनेक हजार वस्तीचं गाव आहे.

शरद ऋतूत या गावात शिरलं की पांढऱ्याशुभ्र भिंती, तांबड्या लाकडी खिडक्या आणि भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळाच माळा! पूर्वी मिरच्या अशाच उन्हाच्या बाजूला वाळवत. पण समुद्र जवळ, पाऊस भरपूर. मग शेवटचा ओलावा भट्टीत घालवायचा. आता विक्रीची बहुतेक मिरची भट्टीतच वाळते आणि तिची भुकटी होते. भिंतीवरच्या माळा मुख्यतः शोभेच्या. तरी त्या पाहायला माणसं लांबून येतात, आणि ऑक्टोबरअखेरच्या शनिवार-रविवारी तर मिरचीची जत्राच भरते.

या मिरचीचं नाव ‘गोर्रिया’. बास्क भाषेत गोर्री म्हणजे लाल. तिखट म्हणाल तर बेताचीच. ठेचा खाणाऱ्याला ती गोडच लागेल!

पण मिरची मुळात ना त्यांची, ना आपली. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात स्पॅनिश-पोर्तुगीज जहाजांतून ती जगभर पसरली. पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली, तशीच ती बास्क मुलखातही रुजली. त्याआधी आपलं तिखट म्हणजे मिरी. तिकडेही महागड्या मिऱ्यांची जागा या परसातल्या मिरचीने घेतली.

जाता जाता सांगते, पाश्चात्त्य जगाला १८६९ साली पांडाची ओळख करून देणारे धर्मगुरू आर्मां दाविद याच गावचे!

मिरची गाजली की दुसरीकडची मिरचीही त्याच नावाने खपवता येते. मग मेहनत गावाची आणि पैसा भलत्याच्याच खिशात! म्हणून शेतकऱ्यांनी नावाला कायद्याचं संरक्षण मागितलं. ते २००० साली मिळालं. आता एस्पलेत आणि आसपासची गावं मिळून फक्त दहा गावांतल्या मिरचीलाच ते नाव लावता येतं. आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीलाही असंच भौगोलिक मानांकन मिळालं आहे.