देवळालीचा ताप

गेल्या दिवाळीतील पाडव्याची गोष्ट. माझा पुतण्या काही वर्षांपासून इंग्लंडात नोकरीस आहे. सणासुदीला त्याचा दूरध्वनी येतो, आणि हल्ली त्यात एकमेकांची तोंडेही दिसतात. म्हणून आम्ही सारे त्या वीतभर पडद्यासमोर दाटीवाटीने बसतो. मध्यभागी आई. आईचे वय आज चौऱ्याऐंशी. दोन वर्षांपासून तिची स्मृती तिला हळूहळू सोडून चालली आहे. नातवाला तिने तीनदा विचारले, "तू कुणाचा रे?" तिसऱ्या वेळी तो हसला आणि मोठ्या लाडाने म्हणाला, "काका, आजी अगदीच डुलाली झाली हं!"

मला तो शब्द कळला नाही. आईला मात्र तिच्यापुरता कळला. ती एकदम सावरून बसली. "देवळाली? कोण निघालंय देवळालीला? अरे, मलाही घेऊन चल. मला घरी जायचंय."

देवळाली हे आईचे माहेर. आजोबा तेथल्या रेल्वे स्टेशनवर पार्सल कारकून होते. १९६२ साली लग्न होऊन ती ग्वाल्हेरास आली आणि गेली साठ वर्षे आमच्या लष्करातील या जुन्या घरात नांदली. हल्ली मात्र रोज तिन्हीसांजेला ती पदर सावरून दाराशी उभी राहते आणि विचारते, "घरी कधी जायचं?" "आई, हेच तुझं घर," असे मी तिला किती वेळा सांगितले असेल, आणि त्यांतल्या किती वेळा त्रासून सांगितले असेल, याची मोजदाद नको.

पुतण्या ओशाळला. तिकडे 'डुलाली' म्हणजे डोके जरासे फिरलेला माणूस, असा त्याने खुलासा केला. बोलणे दुसरीकडे वळले. परंतु शब्दांच्या मागे लागण्याची माझी खोड जुनी. त्या रात्री मी त्या शब्दाचा माग काढीत बसलो, आणि जे हाती आले त्याने मी थक्क झालो. आईच्या कानांनी चूक केलीच नव्हती. 'डुलाली' म्हणजे देवळालीच!

वाचकहो, नाशिकजवळच्या या गावी इंग्रजी फौजेची मोठी छावणी होती. हिंदुस्थानातील नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी परतण्यापूर्वी तेथे आणून ठेवीत. मुंबईहून त्यांना नेणारी जहाजे मुख्यत्वे हिवाळ्याच्या महिन्यांतच ये-जा करीत. ज्याची मुदत हंगामाच्या अखेरीस सरे, त्याला पुढच्या हंगामापर्यंत कित्येक महिने वाट पाहणे प्राप्त होई. हातांना काम नाही, डोक्यावर ऊन, घराची ओढ अनावर. मग दारू, मारामाऱ्या, कैद, नाना रोग. काहीजण चमत्कारिक वागू लागत. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका साध्या शिपायाने विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात चाकरी केली आणि १९३६ साली 'ओल्ड सोल्जर साहिब' या पुस्तकात आपल्या आठवणी लिहिल्या. विक्षिप्त वागणाऱ्या माणसाला 'डुलाली टॅप' झाला, असे शिपाई म्हणत. त्याचे मूळ त्या छावणीतील कंटाळ्यात असावे, असा तर्क त्याने केला आहे.

यातील 'टॅप' हा शब्द मराठी माणसास परका वाटण्याचे कारण नाही. तो आपला तापच. एखाद्याला मलेरिया होतो, तसा याला देवळालीचा ताप झाला आहे, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. घराच्या वाटेवर अडकून पडलेल्या माणसाच्या मनाला भरलेला तो ताप होता.

पुढे फौजा मायदेशी परतल्या आणि त्यांच्याबरोबर शब्दही बोटीत चढला. १९२५ साली फ्रेझर आणि गिबन्स यांनी शिपाई व खलाशी यांच्या शब्दांचा कोश केला, तोवर तो फौजेतला जुना वाक्प्रचार ठरला होता आणि त्याचा अर्थ सरसकट 'वेडा' असा झाला होता. विलायतेत 'ताप' कोणाला ठाऊक? त्यांच्या भाषेत 'टॅप' म्हणजे हलकासा टोला. तेव्हा डोक्याला टोला बसलेला माणूस, अशी नवी समजूत त्या शब्दाला चिकटली. काही काळाने ते शेपूटही गळाले आणि नुसते 'डुलाली' उरले. वेडाचा रंग फिका होत गेला. विसराळू म्हातारा, तऱ्हेवाईक शेजारी, सारे डुलाली. आता तर यंत्र बिघडले, तरी ते डुलाली झाले म्हणतात. १९७४ ते १९८१ या काळात बी.बी.सी.वर दुसऱ्या महायुद्धातील फौजी नाटकमंडळीची एक विनोदी मालिका चालली. तिच्या कथेचा आरंभ देवळालीच्या छावणीतच होतो. ज्या जागी माणसे झुरली, ती जागा शेवटी हसण्यापुरती उरली.

इंग्रजांना हसण्याचा अधिकार मला आहे काय, असा विचार मनात आला आणि मी थबकलो. आपल्याकडे काय वेगळे आहे? महाराष्ट्रात 'याला ठाण्याला पाठवा', 'येरवड्यात जागा बघा' असे म्हणतात. आम्ही ग्वाल्हेरकर आग्र्याचे नाव घेतो. आमच्या गावात स्वतःची मानसिक आरोग्यशाळा असूनही थट्टेसाठी आम्हांला आग्राच लागते! कित्येक वर्षांपूर्वी मी एका गोंधळलेल्या मुलाला भर वर्गात म्हणालो होतो, "तुझं आग्र्याचं तिकीट काढू का?" वर्ग हसला. तो मुलगा खाली मान घालून बसला. त्याचे वडील आग्र्यास उपचार घेत होते, हे मला पुढे चार महिन्यांनी कळले. मी त्याची क्षमा मागितली नाही. मुख्याध्यापक होईपर्यंत माणूस पुष्कळ गोष्टी शिकतो, त्यांतली ही मी फार उशिरा शिकलो. थट्टेतल्या गावाच्या नावामागे तेथे गेलेल्या माणसांची घरे असतात, आणि बोलणाऱ्याला ती दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट त्या रात्री मनात घोळत राहिली. आमचे हे लष्कर तरी काय आहे? १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ या किल्ल्याच्या पायथ्याशी पडला. तंबूंची घरे झाली, घरांचे शहर झाले. नाव मात्र 'लष्कर' हेच राहिले. आपले पूर्वजही एका छावणीतच येऊन राहिले. त्यांनी परतीची वाट पाहणे केव्हातरी सोडून दिले आणि तुळशीवृंदावन बांधले. पण सोडून दिले म्हणजे ओढ संपली, असे थोडेच आहे? आमची मुले 'ळ'चा 'ल' करू लागली आहेत. देवळालीला तीही देवलालीच म्हणतात. तरीही लग्नाच्या याद्या करताना मूळ गावाचे नाव आपण आजही आवर्जून लिहितो. माझी आई तर या छावणीत सून म्हणून आली. तिला कोणी विचारलेच नसेल, की तुझी परतीची बोट कधी?

पुतण्याचा शब्द त्याला ठाऊक नसलेल्या अर्थाने बरोबर होता. आईला देवळालीचाच ताप आहे. तिच्या आजाराचे वैद्यकीय नाव वेगळे आहे आणि त्याचे औषधोपचार चालू आहेत. पण तिन्हीसांजेला दाराशी उभी राहते ती वेडी म्हातारी नसून घरी जायला निघालेली मुलगी आहे, एवढे मला त्या शब्दाने दाखवले.

तेव्हापासून मी तिला दुरुस्त करणे सोडले आहे. शिक्षकाला हे फार जड जाते. "घरी कधी जायचं?" असे तिने विचारले, की मी तिच्याजवळ बसतो आणि विचारतो, "स्टेशनापासून घर किती लांब गं?" मग ती सांगू लागते. आजोबांचा कंदील, द्राक्षांच्या पेट्यांचा वास, फलाटावर ट्रंकांवर बसून राहिलेले गोरे शिपाई. गाडीत चढताना ते गात होते की ओरडत होते, हे ती दर वेळी निराळे सांगते. सांगता सांगता दारावरचे तिचे लक्ष उडते.

संक्रांतीला पुतण्याचा पुन्हा दूरध्वनी आला. मी त्याला सारी हकीकत लिहून कळवली होती. या वेळी त्याने 'मी कोण' असे काही विचारले नाही. तो म्हणाला, "आजी, देवळालीची गाडी किती वाजता आहे?"

आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "अजून वेळ आहे," ती म्हणाली, "तू आधी जेवून घे."