अमेरिका जिथं लिंबूटिंबू!

मुलांनो, अमेरिकेत जाऊन नुसतं ‘फुटबॉल’ म्हणालात, तर तिथली माणसं भलताच खेळ समजतील. डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाडजूड पॅड, लांबट अंड्यासारखा चेंडू आणि तोही बहुतेक वेळ हातातच! आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, त्याला ते म्हणतात सॉकर. चौथीच्या वर्गात मी हे सांगितलं, तेव्हा एकानं लगेच विचारलं, “बाई, मग ते पायाला काय म्हणतात?”

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिच्या शेजारचे आजोबा बेसबॉलचे पक्के वेडे. सॉकर म्हणजे त्यांच्या मते नुसती पळापळ. पण देशादेशांचे सामने सुरू झाले, की ही स्वारी टीव्हीसमोरून हलत नाही! घरचे इतके खेळ असताना हा परका खेळ त्यांना का गोड लागावा?

तुम्ही आपलं क्रिकेट आठवून बघा. भारताचा सामना असला, की अख्खी आळी एकाच बाजूची. अमेरिकन माणसाला हे सुख फारसं मिळत नाही. त्यांचे लाडके खेळ मुख्यतः शहराशहरांचे. न्यूयॉर्क विरुद्ध बोस्टन! एका गावात दिवाळी, तर दुसऱ्यात सुतक. बेसबॉलच्या शेवटच्या मालिकेचं नाव मोठं, ‘वर्ल्ड सिरीज’, पण खेळणारे संघ सगळे अमेरिकेतले आणि एक तेवढा कॅनडाचा. विश्वचषकात मात्र न्यूयॉर्कवाला आणि बोस्टनवाला शेजारी बसून एकाच संघासाठी ओरडतात.

पण मला विचाराल, तर खरी गंमत पुढेच आहे. एवढा बलाढ्य देश, चंद्रावर माणूस पाठवणारा. सॉकरच्या मैदानात मात्र लिंबूटिंबू! (हे पुरुषांच्या संघाबद्दल हं. त्यांच्या मुलींनी १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ असे चार विश्वचषक जिंकलेत.) लिंबूटिंबूनं एकदा का मोठ्या गड्याला बाद केलं, की त्याचा आनंद काही औरच असतो, हे तुम्हाला काय सांगायचं?

१९५० साली ब्राझीलमध्ये अस्संच झालं. समोर इंग्लंड, म्हणजे खेळाचं माहेरघर. अमेरिकेच्या संघात सगळे पोटापाण्याचे उद्योग सांभाळून खेळणारे. गोलरक्षक फ्रँक बोर्गी हा काकांच्या धंद्यात शववाहिनी चालवायचा. जो गेटजेन्स मूळचा हैतीचा, न्यूयॉर्कला शिकता शिकता हॉटेलात भांडी घासायचा. वॉल्टर बार तर चक्क शाळामास्तर! मास्तरांनी लांबून चेंडू मारला, गेटजेन्सनं डोकं लावलं आणि गोल! अमेरिका १, इंग्लंड ०. (त्या स्पर्धेत आपल्या भारतालाही जागा मिळाली होती, पण आपला संघ गेलाच नाही. चुटपुट लागते, नाही?) पुढं मात्र विश्वचषकात परत यायला अमेरिकेला १९९० साल उजाडलं. चाळीस वर्षं!

आणि गोल होणार तरी किती? बास्केटबॉलमध्ये एकेक संघ शंभरावर गुण करतो, एका बास्केटचं कुणाला कौतुक? अमेरिकन फुटबॉलचं घड्याळ साठ मिनिटांचं, पण थांबत थांबत सामना चालतो तीन तास, मधे जाहिराती. आजोबा म्हणतात, “तिथं मी आरामात उठून सँडविच करून आणतो. सॉकरला उठलो आणि तेवढ्यात गोल झाला तर?”

आजोबांची भीती अगदी बरोबर आहे. २३ जून २०१०, दक्षिण आफ्रिकेत अल्जीरियाशी सामना. जिंकलं नाही तर घरचा रस्ता. नव्वद मिनिटं संपली तरी ०-०. गोलरक्षक टिम हॉवर्डनं चेंडू हातानं लांब फेकला, लँडन डोनोव्हन तो घेऊन सुटला, त्यानं पुढं दिला, डेम्प्सीचा फटका अल्जीरियाच्या गोलरक्षकानं अडवला आणि मागून धावत आलेल्या डोनोव्हननंच तो जाळ्यात धाडला! न्यूयॉर्कला तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. अमेरिकेत ठिकठिकाणी अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली.

दर वेळी असं होत नाही. १० ऑक्टोबर २०१७ ला त्रिनिदाद आणि टोबॅगोशी गाठ होती. हो, ब्रायन लाराचाच देश. वस्ती आपल्या मुंबईच्या पासंगालाही न पुरणारी. नुसती बरोबरी झाली असती तरी पुरलं असतं. अमेरिका २-१ अशी हरली आणि २०१८ चा विश्वचषक त्यांना घरी बसून बघावा लागला.

२०२२ मध्ये कतारला परत आले. २५ नोव्हेंबरला पुन्हा इंग्लंड, ०-०. एरवी बरोबरी म्हटलं की अमेरिकन प्रेक्षक नाक मुरडतो; बेसबॉलमध्ये निकाल लागेपर्यंत खेळतच राहतात. पण बलाढ्य इंग्लंडला एकही गोल करू दिला नाही, म्हणून ती मंडळी केवढी खूश!

२०२६ चा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्या अंगणात दिला गेला आणि संघ ३२ चे ४८ झाले. त्यासाठी क्युरासाओ नावाचं एक बेटही पात्र ठरलं. वस्ती जेमतेम दीड लाख. म्हणजे आता अमेरिकेलाही आपल्याहून धाकटे लिंबूटिंबू भेटले की!