हात लागला

आमच्या चाळीत कॅरमचा बोर्ड एकच होता, गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत आणलेला. मे महिन्यात तो जिन्याखाली, रिकाम्या पिंपावर मांडला जाई. वर वायर सोडून टांगलेला शंभरचा दिवा, त्याला पुठ्ठ्याची टोपी. उजेड नेमका बोर्डावर आणि आम्ही सगळे अंधारात.

आता कॅरम मोबाइलमध्ये आहे. पिंप नको, दिवा नको, चौथा गडी शोधत दारं ठोठवायला नकोत. पुण्यात बसून दुबईतल्या मित्राशी डाव होतो. आमच्या वेळी चाळ सोडून गेलेला गडी कॅरममधूनही जायचा.

पण डाव मांडणं गेलं. मधोमध राणी, तिच्याभोवती सहा सोंगट्या, त्याभोवती बारा. पांढऱ्यांचा इंग्रजी वाय जुळेपर्यंत दोन्ही तळव्यांत चक्र फिरवायचं. मग जुन्या धोतराच्या पुरचुंडीतून बोरिक पावडर. रात्री जेवायला बसलं तरी बोटं गुळगुळीत लागत. आता डाव मांडूनच समोर येतो, आणि सोंगटी कुठे जाईल ती रेघही आधीच दिसते. कट किती पातळ घ्यायचा हे आम्ही नजरेने शिकलो, त्यात दोन उन्हाळे गेले.

सगळं चांगलं होतं असं मात्र म्हणवत नाही. लहानांच्या वाट्याला जाळीतून सोंगट्या काढण्याचं काम. मुलींना बोर्ड मिळे तो दुपारी, मोठी मुलं झोपल्यावर. माझ्या बहिणीचा रिबाउंड आमच्यापेक्षा सरस होता, तरी रात्रीच्या डावात तिला कुणी बसवलं नाही. आज तिची मुलगी कुणाशीही, कधीही खेळते. हे आजचंच चांगलं.

घरच्यांच्या लेखी कॅरम म्हणजे उडाणटप्पूपणा. चेन्नईचे कॅरमपटू मारिया इरुदयम यांना १९९६ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा कुठे आम्हाला दाखवायला पुरावा आला.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो एक शब्द. राणी घेतलेली, कव्हरची सोंगटी भोकाच्या तोंडाशी, आणि नेम धरताना करंगळी शेजारच्या सोंगटीला निसटती लागलेली. कुणी पाहिलेलं नाही. तरी खेळणारा स्ट्रायकर उचलून म्हणायचा, ‘हात लागला.’ सगळेच म्हणत नसत, मीही दोनदा गप्प राहिलो आहे. त्यातला एक डाव आम्ही जिंकलो, तो मला अजून आठवतो. आता फाऊल यंत्रच सांगतं, चुकत नाही, भांडणही होत नाही. पण स्वतःहून सांगायची ती पाळी आता कुणावर येत नाही.

तुमच्या माळ्यावर बोर्ड असेल तर पावसाळ्याआधी खाली काढा. प्लायवूड ओल धरतं, आणि एकदा पोक आलेल्या बोर्डावर सोंगटी सरळ जात नाही.